धारेचं स्टूल

वडूजच्या हाडांच्या दवाखान्यात मी माझा दुखरा गुडघा घेऊन नंबरची वाट बघत होतो. शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी साठीच्या एक बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातानं गुडघा चोळणं चालू. सोबत आलेली त्यांची सासू खाली फरशीवर मांडी घालून बसली होती.

"मावशी, बसा की," मी म्हटलं.

"आत्याबाई खाली बसल्याल्या, मी वर कशी बसू?"

"मग खाली बसा."

"खाली बसलं की उठवत न्हाई."

म्हणून त्या उभ्या होत्या.

बोलता बोलता कळलं, डॉक्टरांनी त्यांना मागच्या खेपेलाच समजावलं होतं. सांध्यातली गादी झिजली आहे, ती परत भरून येत नाही. पण उकिडवं बसणं सोडलं आणि मांडीचे व्यायाम केले, तर दुखणं आटोक्यात राहतं. व्यायाम त्या रोज करत होत्या. म्हशीची धार काढायलाही त्यांनी स्टूल घेतलं होतं.

"म्हस लय बुजली आवं. चार दिस पान्हाच सोडंना. आता स्टूल दिसलं की गप उभी ऱ्हाती."

मी आवाज खाली घेतला. "आणि घरात? खुर्ची?"

त्यांनी सासूकडं पाहिलं, पदर सारखा केला.

"म्हस तरणी हाय, शिकली. आत्याबाईंचं आता वय झालं," असं म्हणून त्यांनी अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.