बडग्याच्या गळ्यातली पाटी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर नेणारी बाईची मूर्ती, आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. एकेक बडग्या म्हणजे बांबू, तणस आणि घरोघरून मागून आणलेले जुने कपडे, बस. गळ्यात पाटी अडकवली की तो कोणीतरी होतो. पाटीवर महागाई लिहा नाहीतर साथीचा ताप, लोक त्याला तेवढ्याच जोमाने झोडपतात आणि शेवटी जाळतात.

मी शाळेत होते, त्या एका वर्षी रॉकेल मिळत नव्हतं. बाबांचं किराणा दुकान होतं. बडग्यासाठी कपडे मागायला आलेल्या पोरांना त्यांनी आपला तपकिरी कोट हौसेने काढून दिला. पोरांनी पाटी लावली, ‘काळाबाजारवाला’. मिरवणूक दुकानासमोर आली आणि कोट ओळखू आला. कोणीतरी म्हणालं, “हाच तं आहे.” बडग्यासाठी आणलेल्या काठ्या दुकानाकडे वळल्या. फळ्या फुटल्या, तेलाचे डबे रस्त्यावर आले. बाबांचा हात मोडला, डावा डोळा कायमचा गेला. मी आत पोत्यांमागे किंचाळत होते.

पुढे कॉलेजात तर्कशास्त्राचे सर सांगायचे, नाव म्हणजे नुसती चिकटवलेली चिठ्ठी, बदलली तरी वस्तू तीच. मला त्यांना खडू फेकून मारावासा वाटे. काठ्या घेऊन आलेल्यांतला एकेकटा धरला तर कुणातच तो राग नव्हता. सकाळी त्यांनीच आमच्याकडून नारळ नेले होते. सगळे एकत्र आले आणि राग उपजला. पाटी दुसरी असती, तरी काठ्या हातात होत्याच, कुणावर तरी पडल्याच असत्या. सरांचं एवढं मला मान्य आहे. पण बाबांचा डोळा त्या पाटीनेच नेला, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोलीस जमादार जबानी घ्यायला आला. कोणी मारलं, त्याने विचारलं.

“पब्लिकनं,” बाबा म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. मारणाऱ्यांतला एकूण एक चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. जमादार गेल्यावर मी म्हटलं, “बाबा, काहून नावं नाई सांगितली?”

“नावं घेतली तं ते पब्लिक राहत नाई वं पोरी. शेजारी होतेत. मंग मले शेजाऱ्याईनं मारलं, असं होईन. ते मले सोसत नाई.”

पुढे ते त्याच माणसांना वाणसामान देत राहिले. मी मात्र गल्ल्यावर बसले की येणाऱ्याला बापाच्या नावासकट पूर्ण नावाने हाक मारायची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्यांतल्या एकानेही कधी वर पाहिलं नाही.