बर्फ मोजणारा लोटन

बोदवडच्या लोटनला बर्फानं पार वाया घालवलं होतं. एकोणतीस वर्षांचा घोडा, अहमदाबादेत सरकारी नोकरी, आणि तीन स्थळांचा नकार! दोष त्याच्याच तोंडाचा. काय करता, असं कुणी विचारलं की हा म्हणे, “बर्फ मोजतो.” मुलीकडचे समजत, लेकाचा बर्फाच्या कारखान्यात काट्यावर बसतो. एकानं तर लग्नाला लाद्या स्वस्तात मिळतील का, हे आधी विचारलं आणि मग नकार कळवला.

ब्याण्णव साली फैजपूरच्या जीवराम आबांची सुनंदा पाहायला निघताना आई झुंबरबाईनं बजावलं, “नीट सांग रे भो, नाहीतर गप बस.”

सुनंदा पोहे घेऊन आली आणि त्याला इतकी आवडली की गप बसणं जमेना. तो सुटलाच. उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र गोठतो, उपग्रह वरून फिरतो, बर्फातून निघणाऱ्या लहरी वेगळ्या, पाण्यातून निघणाऱ्या वेगळ्या, अंधारात नि ढगांतूनही त्या पकडता येतात, त्यावरून किती समुद्र गोठला ते हा काढतो. “उपग्रहाच्या चित्रातला एकेक चौकोन पंचवीस किलोमीटरचा. फैजपूर, सावदा बठ्ठं एकात!” पोहे गार झाले.

“चुकत नाही कधी?” आबांनी विचारलं.

इथं शहाणा माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता. पण आमचा हरिश्चंद्र म्हणाला, “चुकतं ना! उन्हाळ्यात बर्फावर पाणी साचतं, आम्हाला तो उघडा समुद्रच वाटतो. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय खरं कळत नाही.”

“तुम्ही गेलात जवळ?” सुनंदानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“छे हो. मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला.”

घरभर हसू फुटलं. झालं, चौथंही गेलं! लोटननं स्वतःला मनात चार शिव्या हासडल्या आणि चपला शोधायला उठला.

तेवढ्यात सुनंदा म्हणाली, “आबा, लांबून चुकतं, असं तेच म्हणताहेत. मला त्यांच्याशी ओसरीवर दोन शब्द बोलू द्या.”

आबा गडबडले, पण लेक लाडकी. त्यांनी मान हलवली. लोटन तिच्या मागोमाग बाहेर गेला. ओसरीवर सुनंदानं सरळ विचारलं, “तुम्ही असे उठलात, म्हणजे मी पसंत नाही ना?”

“नाही हो! पसंत आहात! फार पसंत आहात!” तो असा ओरडला की शेजारच्या कमलबाई भिंतीवरून डोकावल्या.

आतून आबांचा आवाज आला, “ऐकू आलं बरं का जावईबापू! आता आत या, पोहे गरम करतोय.”