जिन्याखालच्या बाई

शाळेत त्यांना सगळे जिन्याखालच्या बाई म्हणत. वाचताना अडखळणारी मुलं पहिलीतच हेरायची आणि जिन्याखालच्या खोलीत एकेकाला जवळ बसवून, शब्दाखाली बोट ठेवून वाचायला शिकवायचं, हे त्यांचं काम. मूल वाचू लागलं की वर्गात परत जाई. जाताना बाई दम भरत, "बाहेर मला ओळख दाखवायची नाही. नाहीतर पोरं तुला 'ढ' म्हणून चिडवतील." व्हरांड्यात ती मुलं समोरून आली की बाई खुशाल भिंतीकडे बघत. मुख्याध्यापक म्हणत, "बाई, पोरांकडे बघून जरा हसत चला की!" तुमचं काय जातंय हसायला, असं बाई मनातच पुटपुटत.

निवृत्तीनंतर घरी बोलायला भिंतीच उरल्या.

एकदा औषधांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने बाटलीवरच्या बारीक अक्षरांखाली बोट ठेवून त्यांना सावकाश वाचून दाखवलं, "जेवणानंतर, दिवसातून दोनदा." ते सरकणारं बोट बाईंनी लगेच ओळखलं. कित्येक दिवस तोंडातून चकार शब्द न काढणारी हीच ती! तिचं नाव अगदी ओठांवर आलं. पण दुकानात गर्दी होती. सवयीने बाईंनी नजर वळवली, "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या.

पायरी उतरल्यावर मात्र राहवेना, म्हणून त्यांनी मागे पाहिलं. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. नजरानजर झाली, आणि तिने शहाण्या मुलीसारखी मान वळवून भिंतीकडे बघायला सुरुवात केली.