चाळिसाव्या खाटेची चादर

चादरमावशींचं खरं नाव कुणी विचारलं, तर त्यांनाही क्षणभर थांबून आठवावं लागे. बत्तीस वर्षं त्या सेवासंघाच्या निवाऱ्यात चादरी धूत, वाळवत आणि घड्या घालत होत्या. कपाळाला आठी घालून कुणी समोर आलं की म्हणत, "या, इस्त्री तापलेलीच आहे."

हा सेवासंघ फार पूर्वी एका चपला शिवणाऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं सुरू केलेला. भुकेल्याच्या हातात आधी वाटी द्यायची आणि प्रभूचं नाव मागाहून घ्यायचं, एवढं त्यांचं धर्मशास्त्र. पुढं देणग्या आल्या, तशा गल्लीत इमारतीही उभ्या राहिल्या. या टोकाला प्रार्थनागृह, मध्ये स्वयंपाकघर आणि शिवणशाळा, आणि शेवटी बायकांचा तीन मजली निवारा. पहिल्याच हिवाळ्यात निवारा गच्च भरला. दारात आलेल्या एका बाईला "भरलं" असं सांगून परत पाठवलं. ती गेलीच नव्हती. सकाळी दार उघडलं तर पायरीवर बसलेली, दाराला टेकून, थंडगार. तेव्हा त्या दोघा नवराबायकोनं नियम केला आणि आतल्या भिंतीवर रंगवून घेतला: घर भरल्यावर येणारीसाठी एक खाट कायम राखून ठेवायची, आणि 'भरलं' हा शब्द या दारात बोलायचा नाही.

ती खाट चाळिसावी. वरच्या मजल्यावर, भिंतीला लागून. महिनोन् महिने तिच्यावर कुणी झोपत नसे. तरी दर सोमवारी मावशी चादर काढायला जात, तेव्हा ती चुरगळलेली असे. उशीवर भिंतीच्या बाजूला डोकं टेकल्याचा खळगा. पायथ्याशी ओल, भर उन्हाळ्यातसुद्धा. कधीकाळी खरीच कुणी उशिरा येऊन तिथं झोपली, तर सकाळी हमखास विचारी, "पलीकडे कोण होतं हो?" मावशी चेहरा न हलवता म्हणत, उशी असेल. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी चादर सोडून मावशींनाच बदललं असतं.

मग नवे व्यवस्थापक आले. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारणारा. वर्षभर रिकामी राहणारी खाट त्यांना खुपली. ती हलवून तिथं कपाट ठेवायचं त्यांनी ठरवलं. त्याच कागदावर खालच्या ओळीत मावशींची निवृत्ती होती, आणि कपड्यांच्या खोलीमागची त्यांची झोपायची खोली महिनाअखेर रिकामी करायची होती.

मावशींना एकच भाचा. लहानपणी त्याचं शेंबडं नाक पुसून पुसून यांचा पदर झिजलेला. तो फोनवर फार हळवा झाला, घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणाला. मागच्याच महिन्यात त्यानं पाहुण्यांसाठी खोली काढली होती, ती बहुधा पाय नसलेल्या पाहुण्यांसाठी असावी. मावशींनी "सुखी राहा" म्हणून फोन ठेवला आणि उरलेल्या चादरींना इस्त्री केली. आता त्यांना रात्र काढायला जगात कुठंही जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी चाळिसावी खाट स्वतः लावली. चादर अशी ताणली की नाणं टाकलं तर उडावं. संध्याकाळी पाच वाजता दारात रांग लागली. व्यवस्थापक वहीत नावं लिहीत होते. एकोणचाळीस झाली. मान वर केली तर समोर गाठोडं घेऊन मावशी.

"मावशी, तुम्ही रांगेत?"

"जागा आहे का?"

व्यवस्थापक "भर" एवढं बोलले आणि त्यांची नजर आतल्या भिंतीवर रंगवलेल्या नियमावर गेली. उरलेलं अक्षर त्यांनी गिळलं. वही मिटली, गाठोडं स्वतः उचललं आणि जिना चढू लागले. वाटेत सांगत राहिले, की खाट उद्या हलवायची होती, आता राहू दे, कपाट काय कुठंही मावतं.

वरच्या खोलीत अजून उजेड होता. बाकीच्या बायका खाली जेवायला बसलेल्या, त्यामुळं मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. चाळिसाव्या खाटेवरची चादर चुरगळलेली होती. पांघरुणाची अलीकडची बाजू कुणीतरी नीट मागं दुमडून ठेवली होती, जागा करून द्यावी तशी. पलीकडे, भिंतीलगत, गादी हळूच खाली दबली आणि तशीच राहिली.

व्यवस्थापकांनी गाठोडं खाटेपाशी जपून ठेवलं. पळावं असं त्यांच्या मनात होतं, पण आधी त्यांनी विचारलं.

"मावशी... दोघींना पुरेल ना?"

मावशींनी चपला काढून खाटेखाली सारल्या आणि अलीकडच्या कडेला अलगद बसल्या.

"पुरेल की," त्या म्हणाल्या. "बारीक आहे ती."