आत्या मागायला शिकते

आमच्या आत्यानं आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं नाही. ती फक्त सांगते. धारूरच्या किराणा दुकानात ती 'साखर द्या' म्हणत नाही, 'साखर बांध' म्हणते, आणि दुकानदार समोरचं गिऱ्हाईक सोडून साखर बांधतो. परळीला वैजनाथापुढं हात जोडतानाही 'औंदा पाऊस येळेवर पाठव, मागच्यावानी करू नको' असं देवाला बजावून येते. अशी बाई साठीत जपानी विनंत्या पाठ करायला बसली, तेव्हा तिला ऊन लागलं असावं असंच मला वाटलं.

तिची एकुलती एक लेक अंबाजोगाईत नर्सिंग शिकली आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला जपानला गेली. तिकीट हातात आल्यावरच तिनं घरी सांगितलं. आत्या 'थांब' म्हणाली नाही आणि 'जा'ही म्हणाली नाही. पुढं लग्न झालं, जावईही तिकडंच नोकरीला. आता लेकीला दिवस गेले होते. आत्यानं फोनवर जाहीर केलं, "बाळंतपणाला मी येणार." लेक म्हणाली, "येऊ नको. दुकानात साधं मीठ मागता यायचं न्हाई तुला." हे ऐकून आत्यानं पदर खोचला.

मोबाइलवरचे धडे ऐकून ती घोकू लागली आणि सराव बाजारात करू लागली. मेथीवाल्यापुढं कमरेत वाकून म्हणाली, "सुमिमासेन, कोरे ओ कुदासाई." म्हणजे माफ करा, हे द्या. तो बिचारा घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्याबाईला दवाखान्यात दाखवलं का?" वाकलं की डोक्यावरचा पदर घसरायचा, तो सावरून ती पुन्हा वाकायची. भाव करायचं वाक्य मात्र धड्यात नव्हतं, यावर तिचा फार राग. शेवटी 'याहून स्वस्तातलं आहे का' एवढं सापडलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. "तिकडच्या बायाबी आपल्यासारख्याच हायत," असं म्हणून तिनं सीताफळवालीला तेच जपानीत तीनदा ऐकवलं.

एका संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावून, फोन डब्याला टेकवून लेकीला सगळं म्हणून दाखवलं. मीठ कुठं आहे, दूध द्या, केवढ्याला. एक अक्षर चुकलं नाही. लेक हसली आणि मग म्हणाली, "आई, इथं दुकानात बोलावं लागतच न्हाई. मशीनला दाखवायचं, पैसे टाकायचे अन् निघायचं."

"मग मीठ मागता यायचं न्हाई, असं कावून म्हणलीस?"

"कारण तू 'येणार' म्हणून हुकूम सोडलास. तुला यावं वाटतंय का, तेवढं सांग की."

आत्या "पोरी, मला..." एवढं म्हणाली आणि अडकली. मला तिच्याकडं बघवेना. मग ती उठली, पदर घट्ट धरला आणि फोनपुढं वाकली. "ओनेगाई शिमासु," ती म्हणाली. एवढी विनंती आहे, असा त्याचा अर्थ. मराठीत ते तिच्या तोंडून निघालं नसतं.

पलीकडं लेकीनं फोन खाली ठेवला, पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं. मग लेकीचा ओला आवाज आला, "स्वेटर घेऊन ये, आई. इथं लई थंडी हाय."

आत्या पुढच्याच महिन्यात गेली. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. हेच मागणं तिला आधी मराठीत जमलं असतं, तरी लेक जपानला गेलीच असती. पण सांगून, गळ्यात पडून गेली असती.