मेट्रोत नसलेला माणूस

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. चौतीस वर्षं पोलिसात काढली, खून पाहिले, खाडीतून प्रेतं बाहेर काढली. पण भीती म्हणजे काय, हे मला एका मोबाईलवरच्या तीन शब्दांच्या मेसेजने शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच चाळीत राहतात.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने चौघांना आत पाठवलं. तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी, तिचे आईवडील आणि त्यांच्या चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी. कुटुंब मूळचं कोकणातलं, विक्रोळीत तिसरी पिढी. आजोबा गिरणीत होते, वडील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मुलीला मरोळच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. सकाळी बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, संध्याकाळी तसंच परत.

बोलायला सुरुवात सेक्रेटरींनी केली. पन्नाशी उलटलेली, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, पांढरा इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. "साहेब, पोर पार घाबरलीय. मेट्रोत कोणीतरी तिच्या मागावर आहे. हिचा बाप साधा माणूस, म्हणून मी सोबत आलो."

मुलीने फोन माझ्यापुढे सरकवला. तीन आठवड्यांचे मेसेज होते, सगळे एकाच नंबरवरून. "घाटकोपरला आत शिरलीस. ८.४२." "मरोळला बाहेर आलीस." "आज उशीर? ७.१० ला आत." आणि शेवटचा, "नोकरी सोड. नाही तर एक दिवस घरी पोचणार नाहीस." वेळा मिनिटाला मिनिट बरोबर असायच्या.

"डबा बदलून बघितला सर," ती म्हणाली. "लेडीज डब्यात गेले, दोन गाड्या सोडून तिसरी पकडली. मागे वळून बघते तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वाटतं हाच असेल, नाही तर तो. आता गेटला कार्ड टेकवायला हातच उचलवत नाही." त्या भीतीतच चार दिवसांपूर्वी मरोळचा जिना पळत उतरताना ती पडली होती. हनुवटीला तीन टाके होते.

आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "चेडवान तीन दिस काय्येक खाल्ल्यान नाय, सायबानू," एवढंच बोलली आणि पदराने डोळे पुसले.

मी जबाब घ्यायला लावला आणि गुन्हा दाखल केला. ज्या नंबरवरून मेसेज यायचे ते सिमकार्ड भलत्याच माणसाच्या कागदांवर घेतलेलं निघालं; तो बिचारा केव्हाच गावी परतला होता. मग मी दोन दिवस साध्या वेशातली माणसं मुलीच्या मागेपुढे मेट्रोत पेरली. दोन्ही दिवस एकही मेसेज नाही. तिसऱ्या दिवशी माणसं काढली आणि तिने गेट ओलांडताच फोन वाजला. "पोलीस रोज नसतात."

हे वाचल्यावर खरं सांगतो, माझीही झोप उडाली. हा माणूस माझे साध्या वेशातले शिपाई ओळखतो, म्हणजे आहे तरी कोण?

मेट्रोच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं. त्यात एक चष्मेवाला गृहस्थ चार दिवस तिच्याच डब्यात, तिच्याच दाराशी दिसला. आणला त्याला. तीन तास प्रश्न विचारले, आवाजही चढवला. तो रडकुंडीला आला. "अहो साहेब, माझी पण ऑफिसची वेळ तीच आहे ना! त्या दारातून उतरलं की अंधेरीला जिना बरोबर समोर येतो. सगळेच तिथे उभे राहतात, यार!" उद्या तुम्हीही फलाटावर नीट बघा, रोजची माणसं रोजच्याच जागी उभी दिसतील. त्याचा मोबाईल तपासला, काही निघालं नाही. माफी मागून सोडलं. साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

या काळात सेक्रेटरींचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "काय प्रगती, साहेब? घरचे विचारतात." मला तो माणूस आवडायला लागला होता. दुसऱ्याच्या मुलीसाठी आजकाल कोण एवढं करतं? मी त्यांना सगळं सांगायचो. हो, साध्या वेशातल्या माणसांचंही सांगितलं होतं.

मग त्या नंबरचा तपशील आला, म्हणजे तो फोन कधी कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता त्याची यादी. माझा उपनिरीक्षक ती घेऊन दारातच उभा राहिला. "सर, हा फोन विक्रोळीतून हललाच नाहीये. हा माणूस मेट्रोत कधी चढलाच नाही."

मी यादी ओढून घेतली. मेट्रोत नसलेला माणूस मेट्रोतल्या मुलीला बघतो कसा? मी सगळे मेसेज पुन्हा काढले. आत शिरलीस, बाहेर आलीस. एवढंच. तिने काय घातलंय, कुठे बसलीय, याबद्दल एक अक्षर नाही. याला मुलगी दिसत नव्हती. याला फक्त गेट उघडल्याचं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला ऑफिसच्या वेळेआधी ठाण्यात बोलावलं. एकटीला. घरी काही सांगायचं नाही, अगदी वडिलांनाही नाही, हे बजावलं. सापळ्याच्या दोन दिवसांत मेसेज आले नाहीत, म्हणजे बातमी जवळच्याच कोणाकडून फुटली, ही शंका तोवर मला चाटून गेली होती. तिचं मेट्रोचं कार्ड काढून घेतलं आणि एका महिला शिपायाच्या हातात दिलं. "घाटकोपरला आत जा, मरोळला उतर, परत ये. कोणाशी बोलू नकोस."

मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसली. तिच्यासाठी चहा मागवला. तिचा फोन टेबलावर, आमच्या दोघांच्या मध्ये. घड्याळात पावणेनऊ झाले आणि फोन थरथरला.

"आत शिरलीस. सांगून ऐकत नाहीस."

कप तिच्या हातातून निसटला. "सर, मी तर इथे आहे," ती पुटपुटली. मग एकदम ओरडली, "मी इथे आहे ना! मग तो बघतोय कोणाला?"

मी तो कप उचलून ठेवला. मग विचारलं, "हे कार्ड तुला कोणी काढून दिलं?"

"काकांनी. सेक्रेटरी काकांनी. आमच्याकडे सगळ्यांचे फॉर्म तेच भरतात."

"आणि फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा?"

"काकांचाच," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

त्या चाळीतली रीतच तशी होती. रेशन, गॅस, शाळेचा दाखला, कुठलाही फॉर्म असो, नंबर काकांचा. दिवसभर माणसं कामावर, ओटीपी आला तर सांगणार कोण? काकांचा नंबर दिला की काम अडत नाही. त्या मेट्रो कार्डाची सोय अशी होती, की गेटला टेकवलं की नोंदवलेल्या नंबरवर मेसेज जायचा. मुलीला तो कधी आलाच नाही, म्हणून असं काही असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. मी तिच्या फिर्यादीचा कागद काढला. फिर्यादीचा संपर्क क्रमांक या रकान्यात काकांचाच नंबर. त्यांनी सांगितला आणि माझ्या अंमलदाराने लिहून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

सेक्रेटरींना एका सहीसाठी म्हणून बोलावलं. ते नेहमीसारखे आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. मी त्यांचा मोबाईल मागितला. त्यात तिच्या प्रत्येक दिवसाची, प्रत्येक गेटची नोंद होती, तारीखवार, एकही न पुसलेली. धमक्या पाठवायचा दुसरा फोन पंचांसमक्ष मंडळाच्या कपाटात सापडला, गणपतीच्या मखराच्या सामानाखाली.

आरडाओरडा नाही, रडणं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. "माझ्या पुतण्यासाठी तिला मागणी घातली होती. बाप तयार होता. ही म्हणाली, नोकरी सोडणार नाही आणि लग्नही आत्ता नको. नोकरी सुटली असती तर आली असती ताळ्यावर. मी तिला बोट तरी लावलं का, साहेब? हिच्या बारशाला पाळणा मी बांधलाय. मी भलंच बघत होतो."

हे बोलताना त्यांच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता. आयुष्यात मी शेकडो गुन्हेगारांसमोर बसलो, पण त्या दिवशी टेबलापलीकडच्या माणसाची मला भीती वाटली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि वर ते राखण केल्याचं सांगत होतं.

दुपारपर्यंत अर्धी चाळ ठाण्यात जमली. एवढा मोठा माणूस, काहीतरी चूक होतेय, वगैरे. मुलीचे वडीलही खाली मान घालून म्हणाले, "मिटवता नाही का येणार, साहेब? उद्या त्याच जिन्यावरून जायचंय आम्हाला." मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "नाही मिटवायचं, बाबा." दोषारोपपत्र न्यायालयात गेलं.

या प्रकरणात माझी चूक मोठी होती आणि ती मी लपवत नाही. फिर्यादीच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय, हे मी पाहिलं, पण तपासलं नाही. सदरा पांढरा होता, बोलणं चांगलं होतं, मला तेवढं पुरलं. त्यानंतर नोकरी होती तोवर मी एक नियम केला. बाई तक्रार घेऊन आली की सोबतच्या सगळ्यांना बाहेर बसवायचं, बाप असो, भाऊ असो की गावचा पुढारी. काहींना राग यायचा. येऊ दे.

काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशावरून मुद्देमालातला फोन परत घ्यायला ती आली. हनुवटीवर टाक्यांची बारीक रेघ होती. नोकरी चालू होती, मेट्रोनेच जात होती. मी विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?"

"मेट्रोत नाही वाटत, सर." तिने पोचपावतीवर सही केली. "मेट्रोतला कोणी अनोळखी असता तर बरं झालं असतं. त्याला घाबरून घरी तरी पळत आले असते."