तक्रारताईंचा लाल दोरा

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. तक्रारताई. बावीस वर्षं तक्रारीच्या टेबलावर बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? नळ कोरडा पडला, पाइप फुटला, पाण्याला वास आला, की लोक फोन करायचे आणि ताई पहिल्या वाक्यातच ओळखायच्या. "हां, डेअरीच्या मागचं घर ना? सासरे कसे आहेत आता?"

आमचं गाव आणि भोवतालची एकोणीस खेडी आमच्या पाण्यावर होती. त्यातलं एकही खेडं ताईंनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी मीटर रीडर, माझी पायपीट रोज तिकडेच. तरी कुठल्या गल्लीत कोण राहतं आणि कुणाचं कुणाशी फाटलंय, हे मी ताईंनाच विचारून निघायचो.

मार्चमध्ये शत्रूचं सैन्य सीमा ओलांडून आत घुसलं. पहिल्या चार दिवसांत सात खेडी गेली. गेली म्हणजे नेमकी कुठली, हे मात्र कुणालाच धड सांगता येईना. रेडिओ एक सांगायचा, शेजारी दुसरं, आणि मोबाइलवर तर ज्याला त्याला नकाशे काढायचा छंद लागला होता. त्यात आमचे फिटरमामा रोज जीप घेऊन बाहेर पडणारे. साठीला टेकलेला, तोंडाने फटकळ माणूस. आमच्या हद्दीतला एकेक व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेलेला. चौथ्या दिवशी ते एका खेड्यात गळती काढायला गेले. 'अजून आपल्याच ताब्यात आहे' असं वरून सांगितलेलं. तासाभरात जीप उधळल्यासारखी परत आली. मामा दारातूनच ओरडले, "कोण म्हणालं आपल्या ताब्यात? रणगाडा उभा आहे शाळेपाशी! सहा इंची नळी माझ्याकडे वळवली त्यांनी!"

सहा इंची म्हणजे सहा इंचीच असणार. नळीच्या मापात मामा कधी चुकले नाहीत.

ताईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि तक्रारींचं रजिस्टर पुढ्यात ओढलं. "मामा, उद्यापासून मी सांगितल्याशिवाय गाडी काढायची नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?"

"जो तिथे राहतो तो सांगेल. आणखी कोण?"

मोबाइलचे टॉवर पडले होते, पण जुन्या तारांचे टेलिफोन बऱ्याच घरांत अजून वाजत होते. ताईंनी एका टोकापासून नंबर फिरवायला सुरुवात केली. प्रश्न एकच, बावीस वर्षं विचारलेला. "पाणीपुरवठ्यातून बोलतेय. पाणी येतंय का?"

तिसऱ्या की चौथ्या फोनला वीटभट्टीजवळच्या शाळेच्या हेडबाई लागल्या. दोघींची ओळख फक्त आवाजाची, आणि तीही भांडणाची. शाळेच्या टाकीवरून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना सुनावत आलेल्या. तारेवर कोण कान लावून बसलंय याचा भरवसा नव्हता. हेडबाई म्हणाल्या, "स्वच्छ येतंय. पण पुलाच्या बाजूला गढूळ यायला लागलंय म्हणे. आणि पुलापलीकडे पाणी गेलंच." ताईंनी पेन खाली ठेवलं. त्या शाळेला पुलाच्या बाजूने पाणी येतच नव्हतं. बाई काय सांगतायत ते ताईंना कळलं, आणि ताईंना कळलंय हे बाईंना कळलं. पुढे सगळ्या खेड्यांत हीच भाषा झाली. स्वच्छ म्हणजे आपले, गढूळ म्हणजे शत्रू आसपास दिसतोय, पाणी गेलं म्हणजे खेडं गेलं.

भिंतीवर पाइपलाइनचा मोठा नकाशा होता. ताईंचे यजमान शिंपी. त्यांच्याकडून टाचण्या आणि लाल दोऱ्याचं रीळ आलं. रोज सकाळी नऊला ताई फोनला बसायच्या, साडेदहाला उठून दोरा सरकवायच्या. आज या विहिरीच्या अलीकडे, उद्या त्या फाट्याच्या पलीकडे. दोऱ्याच्या अलीकडे मामांची जीप जायची, पलीकडे नाही. महिन्याभरात रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर येऊन दोरा बघून जायला लागला, मग पाववाला. मग एके दिवशी सैन्याचे एक कॅप्टन आले.

"हे कुणाच्या परवानगीने चाललंय?"

"तक्रार विभागाच्या," ताई म्हणाल्या.

"तक्रार विभागात कोण कोण आहे?"

"मी."

कॅप्टन नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. नंतर खुर्ची मागून घेतली, बसले आणि जाताना म्हणाले, "आमच्या नकाशापेक्षा हा अर्धा दिवस पुढे आहे. रोज सकाळी माणूस पाठवला तर चालेल?"

"चालेल. चिखलाचे बूट बाहेर काढायला सांगा."

एप्रिलमध्ये एका सकाळी डेअरीचा नंबर लागला आणि पलीकडून अनोळखी पुरुषाचा आवाज आला. आपलीच भाषा, पण तोंडात न बसणारी. मी समोरच बसलो होतो. ताईंचा आवाज होता तसाच राहिला.

"पाणीपुरवठा. पाणी येतंय का?"

"हे गाव आता आमचं आहे."

"बरं. ग्राहक क्रमांक सांगा."

"काय?"

"नळजोडणीचा ग्राहक क्रमांक. जोडणी कुणाच्या नावावर आहे?"

पलीकडे दोघातिघांची कुजबुज. मग तो माणूस गुरगुरला, "बाई, तुला कळतंय का कुणाशी बोलतेस?"

"नाव नाही, क्रमांक नाही, म्हणजे तुम्ही बिनपरवाना पाणी वापरताय. नोंद घेतली आहे. मूळ मालकाला फोनवर बोलवा, नाहीतर जागा खाली करा." आणि त्यांनी फोन ठेवला. मग रजिस्टर ओढून ती नोंद खरंच लिहिली. "चहा सांगा," म्हणाल्या. "आणि दोरा डेअरीच्या अलीकडे घ्या. आज तुम्हीच घ्या."

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली, आणि ती घरच्यांनीच घेतली. आमचे साहेब कार्यालयाचे प्रमुख. स्वभावाने मऊ माणूस. ते कागद घेऊन बाहेर आले. वरून आदेश होता. दोऱ्यापलीकडच्या खेड्यांना जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. शत्रूच्या सैनिकांना आपण पाणी पाजायचं नाही. व्हॉल्व्ह आमच्याच बाजूला होता आणि त्याची चावी, ती कंबरेएवढी लोखंडी चावी, मामांच्या जीपमध्ये.

ताईंनी कागद वाचला. "साहेब, पलीकडे आता नऊ खेडी आहेत. चार हजार तीनशे माणसं. त्यात डायलिसिसवाले दोन, बाळंतिणी अकरा. शत्रूचे सैनिक त्यांच्या टँकरनं पाणी आणतील. आपल्या बाळंतिणी कुठून आणतील?"

"मला कळत नाही का ताई? पण आदेश आहे."

"मग तुम्ही आदेश द्या मामांना."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "माझा खांदा धरलाय. चावी फिरत नाही."

"कधीपासून?"

"आत्ताच."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मी मीटर वाचतो, व्हॉल्व्ह मला कळत नाहीत. साहेब खुर्चीत बसले, डोक्याला हात लावला. मग एकदम हसले. युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तिथेच त्यांनी उत्तर लिहून काढलं: 'सदर व्हॉल्व्ह जुना असून, बंद केल्यास पुन्हा उघडण्याची शाश्वती देता येत नाही. गावाचा पुरवठाही धोक्यात येईल.' खाली सही ठोकली. "जे व्हायचं ते माझ्या नोकरीचं होईल," म्हणाले. पाणी चालू राहिलं. वरूनही पुन्हा कुणी विचारलं नाही.

मेच्या मध्यावर दोरा आमच्या कार्यालयापासून नकाशावर चार बोटांवर आला. खिडक्यांच्या काचा गेल्या, तिथे ताईंच्या यजमानांनी जाड कापड शिवून बसवलं. दूरच्या मोठ्या शहरातून त्यांच्या मुलीचा रोज फोन. एकदा ताईंनी स्पीकर लावला, कारण हात टाचण्यांत होते.

"आई, बाबांना घे आणि निघ. आज. मी पाया पडते तुझ्या."

"आज कशी निघू? आज वीटभट्टीच्या पाइपला जोड आहे."

"जोड द्यायला तू फिटर आहेस का?"

"फिटरला कुठे जायचं ते कोण सांगणार? तू?"

"तू अशी हट्टी का आहेस गं?"

"बावीस वर्षं लोकांनी मला कामावरून झापलंय, बाळा. आता हे परके येऊन मला घरातून हाकलणार आणि मी ऐकणार? बाबा तुझे मजेत आहेत. पडदे शिवतायत."

मुलगी रडली. ताईही रडल्या, पण फोन बंद झाल्यावर. मग डोळे पुसून उरलेल्या टाचण्या लावल्या.

त्याच वीटभट्टीच्या जोडावर मामांच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. चूक दोऱ्याची नव्हती. तोफ लांबून डागलेली. पण ताईंनी ते स्वतःला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आटोपून त्या उठल्या, मामांचे गमबूट घातले, दोन मापं मोठे, आणि मला म्हणाल्या, "जीप काढा. जोड अर्धा राहिलाय."

"ताई, तुम्ही?"

"जोड मारणारा माणूस शेजारच्या विभागातून येतोय. त्याला रस्ता माहीत नाही, मला माहीत आहे."

"तुम्ही कधी गेलात तिकडे?"

"जायला कशाला लागतं? डावीकडे दोन बाभळी, मग रंग उडालेलं बस थांब्याचं छप्पर, मग उतार. उतारावर दर पावसाळ्यात पाइप उघडा पडतो. अकरा तक्रारी आहेत."

एकही खूण चुकली नाही. एका बाभळीचं नुसतं खोड उरलं होतं, तेवढाच फरक. चिखलात गुडघाभर उभं राहून ताईंनी पाइपचं टोक धरलं, मी दुसरं, आणि त्या माणसाने बोल्ट आवळले. लांब कुठेतरी धडधड चालू होती. दर आवाजाला ताई त्या दिशेकडे रागाने बघायच्या, वर्गात मागच्या बाकावर गडबड झाली की बाई बघतात तशा.

जूनमध्ये आपलं सैन्य पुढे सरकलं. दोरा आठ दिवसांत सहा खेडी मागे हटला. त्या जोडानंतर थोड्याच दिवसांत शत्रूकडे गेलेली हेडबाईंची शाळा मोकळी झाल्याचं कळलं त्याच दुपारी आम्ही दोघं तिथे गेलो. शाळेच्या पायरीवर एक लहानखुरी, चष्मा दोऱ्याने बांधलेली बाई बसली होती. ताई गाडीतून उतरल्या.

"तुम्हीच तक्रारताई? मला वाटलं उंच असाल," हेडबाई म्हणाल्या.

"मलाही तुम्ही उंच वाटल्या होतात. आवाज केवढा तुमचा!"

"टाकीचं काय करणार आहात? सहा वर्षं गळतेय."

ताईंनी खरंच पर्समधून डायरी काढली आणि तक्रार लिहून घेतली. मग दोघींनी एकमेकींना जी मिठी मारली, ती सुटेपर्यंत मी टाकी बघून आलो. गळत होती.

हेडबाईंनी मग सांगितलं. साडेतीन आठवडे शत्रू शाळेत होता. बाईंनी शिपायाच्या खोलीतला टेलिफोन पोत्याखाली लपवला होता आणि झाडू मारायच्या निमित्ताने रोज सकाळी तिथे जात होत्या. एकदा पकडल्या गेल्या. "कुणाशी बोलतेस?" असं दरडावलं त्यांना. "पाणीपुरवठ्याशी. पाणी गढूळ येतंय, पोटं बिघडतील तुमची," असं उत्तर दिलं. त्या सैनिकाने फोन कानाला लावला तर पलीकडे ताई टाकीच्या दुरुस्तीबद्दल तावातावाने बोलत होत्या. त्याने कंटाळून रिसीव्हर बाईंच्या हातात दिला.

हे सगळं सुखाने संपलं असतं तर बरं होतं. सप्टेंबरात शत्रू पुन्हा आला आणि शाळा पुन्हा दोऱ्यापलीकडे गेली. या वेळी हेडबाईंनी आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरवर घालून पाठवलं आणि शेवटच्या ट्रॅक्टरवर स्वतः आल्या, मांडीवर हजेरीपट आणि तो टेलिफोन घेऊन. शाळेचं छप्पर उडाल्याचं त्यांना आमच्या कार्यालयात कळलं. दोन दिवसांनी ताईंच्या समोर दुसरी खुर्ची टाकून बसल्या आणि निम्मे नंबर स्वतःकडे मागून घेतले.

आता आमच्याकडे तक्रार विभागात दोघी आहेत, आणि दिवसाला किमान एकदा दोऱ्यावरून भांडण होतं. "फाटा त्यांच्याकडे गेलेला नाही, मी आत्ता बोलले तिथल्या सुनेशी." "सून माहेरी आहे, सासूला विचारा." मामा काठी घेऊन परतलेत, जीप मी चालवतो, ते शेजारी बसून माझ्या चालवण्याला नावं ठेवतात.

गेल्या सोमवारी कार्यालय साठ किलोमीटर मागे हलवण्याची सूचना आली. ताईंनी ती मोठ्याने वाचली, साहेबांना विचारलं, "तिथून आपले पंप चालवता येतात?" साहेब नाही म्हणाले. ताईंनी सूचनेवर 'मिळाली' असं लिहून तारीख घातली. हेडबाईंनी वाचून त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या, आणि कागद तसाच, उलट टपालाने, वर पाठवून दिला.